पत्नी सोबत : होय

स्टोअरकीपरसाहेबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण हातची वही सुटली नव्हती. त्यांची बावीस वर्षांची गाडी मनात आलं तर सुरू व्हायची, नाहीतर डॅशबोर्डवरचे दिवे एकदा मिचकावून मौनव्रत धरायची. अशा गाडीला साहेबांनी रकाने आखले.

नोंद ४. हवा कोरडी. पत्नी सोबत : नाही. गाडी सुरू.
नोंद ५. हवा कोरडी. पत्नी सोबत : होय. गाडी बंद.

(नोंदी ६ ते १८ अशाच. वाचकाला छळण्यात अर्थ नाही.)

मधल्या काळात बॅटरी नवी आली, सेल्फ-स्टार्टर उघडून पुन्हा बसवला. गाड्यांची वायरिंग करणारा वायरवाला चार वेळा घरी येऊन गेला. चारही वेळा साहेब सुटी किल्ली घेऊन खाली उतरले आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू.

"साहेब, इन्स्पेक्टर आल्यावर वर्ग गप्प बसतो ना, तशी ही मला बघून सरळ वागते," वायरवाला म्हणाला. "यात मी काय दुरुस्त करू?"

तेव्हा साहेबांनी निष्कर्ष काढला. निष्कर्ष स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता.

"तुझ्यात काहीतरी आहे," ते बायकोला म्हणाले. "मी अंधश्रद्धाळू नाही. आकडे बोलतात."

"आकड्यांना सांगा, डोळ्याच्या ऑपरेशनच्या माझ्या दोन तारखा हुकल्या. उद्याची हुकली तर पुढची चार महिन्यांनी. उजव्या डोळ्याने आता तुम्हीसुद्धा धूसर दिसता, आणि त्याचं मला वाईट वाटेनासं झालंय."

"म्हणूनच सांगतो. तू बसने पुढे हो. मी मागून गाडी घेऊन येतो."

"ऑपरेशन कुणाचं आहे?"

"तुझं. पण गाडी सुरू व्हायला नको का?"

नोंद १९.

आठ वाजता ती भिंतीला हात लावत, पायऱ्या मोजत बसला गेली. साहेबांनी कपाटं, कोठीची खोली, गच्ची, मागचं दार, पुढचं दार अशी सगळी कुलपं लावली, गाडीची किल्ली घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली आणि खाली येऊन फिरवली. दिवे मिचकावले. जुडगा हलला. गाडी गप्प.

पत्नी सोबत : नाही. गाडी...

पेन तिथेच थांबलं. फोन केल्यावर वायरवाला आला. खिडकीतून आत वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"हे काय लोंबतंय?"

"किल्ल्या."

"एखादं गोदाम फोडलंत का?"

त्याने गाडीची किल्ली जुडग्यातून सोडवली. फिरवली. गाडी सुरू. पुन्हा अडकवली. बंद. असं त्याने तीनदा केलं. दुसऱ्यांदाच पटलं होतं, तिसऱ्यांदा मजा आली म्हणून केलं.

"वजनाने आतला स्विच खिळखिळा झालाय. काकू घरी असल्या की तुम्ही सुटी किल्ली आणता. दोघं निघालात की घराला कुलूप, आणि मग अख्खं घर इथे टांगता. साहेब, दोघंच तर राहता. एवढी कुलपं कुणाच्या भीतीने?"

साहेबांनी किल्ली जुडग्यातून सोडवली आणि गाडी काढली.

अकराला ते दवाखान्यात पोचले. ऑपरेशन उरकलं होतं. संमतीच्या फॉर्मवर जवळच्या व्यक्तीची सही अनोळखी होती, आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं : बसमध्ये शेजारी. ती शेजारीण बायकोची पिशवी धरून अजून तिथेच बसली होती.

"दोष सापडला," साहेब म्हणाले. "किल्ल्यांचं ओझं. त्याने स्विच सैल झाला होता."

"म्हणजे मी नव्हते."

साहेब जरा घुटमळले. "एका नोंदीवरून लगेच तसं म्हणता येत नाही."

शेजारणीने पिशवीचा बंद घट्ट धरला. बायको एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने नवऱ्याकडे बघत उठली.

"मग आणखी एक घ्या. मी हिच्याबरोबर बसने जाते, तुम्ही गाडीने या. घर मला उघडावं लागेल." तिने हात पुढे केला.

साहेब जुडग्यातून पुढच्या दाराची किल्ली शोधू लागले.

"सगळा," ती म्हणाली.

नोंद २०. गाडी वाटेत कुठेच अडली नाही. साहेब घरी पोचले तेव्हा ती शांत झोपली होती, आणि कपाटांपासून गच्चीपर्यंत घरातलं एकूण एक कुलूप उघडं होतं.