जहाजावरच्या कॉफीबद्दल आप्पासाहेबांचा शेरा

प्रश्न १. आपण कोणते पेय घेतले?

कॉफी. जहाजाच्या अकराव्या मजल्यावर सकाळी सात ते दहा फुकट मिळते ती.

घेणारे होते आप्पासाहेब दरेकर, मार्केट यार्डातले गुळाचे आडते, वय एकाहत्तर, पुण्याहून निघालेल्या अडतीस जणांच्या सहलीबरोबर बारा दिवस युरोपच्या समुद्रात. देणारा होता अभय गजभिये, विश्रांतवाडीचा, वय चौतीस, त्याच कंपनीच्या जहाजांवर पाच कंत्राटं काढलेला. बाराव्या दिवशी प्रत्येक प्रवाशाला अभिप्रायाचं एक कार्ड देतात. त्यावर सात प्रश्न असतात. बाकीच्या छत्तीस जणांनी ते टेबलावरच सोडलं, एका काकूंनी त्यात उरलेली खारी गुंडाळून घेतली. आप्पासाहेबांनी खिशातलं पेन काढलं, चष्मा पुसला आणि नातवाच्या पत्रिकेचं काम असावं तसं मन लावून ते कार्ड भरलं.

त्या कार्डाने अभयचं सहावं कंत्राट अडवलं. त्याला सात महिने झाले.

प्रश्न २. तापमान योग्य होते का?

मे महिना. मार्केट यार्डात अकरा वाजता गाळ्यांवरचे पत्रे तापतात आणि गूळ घाम सोडतो. इस्त्रीचा शर्ट घातलेला अभय हातात स्टीलचा थर्मास घेऊन दरेकरांच्या गाळ्यासमोर उभा राहिला. जहाजावर आप्पासाहेबांनीच त्याला आपल्या गाळ्याचं छापील कार्ड दिलं होतं, त्यामुळे पत्ता शोधावा लागला नाही.

आदल्या संध्याकाळी अंधेरीहून जहाजांना माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या बाईंचा फोन आला होता. "अभय, तेच अडलंय, त्या दरेकर नावाच्या गेस्टने तुझं नाव घालून कॉफीबद्दल लिहिलंय. पूर्ण कार्ड अजूनही मला दाखवत नाहीत. त्या माणसाकडून लेखी आण की सर्व्हिस चांगली होती, तुझ्याबद्दल काही तक्रार नाही. उद्या पाचपर्यंत. नाहीतर तुझं नाव लिस्टमधून काढतायत. आणि एकदा काढलं की बाकीच्या कंपन्याही आम्हालाच विचारतात, माहितीये ना?"

माहीत होतं. म्हणून तर तो इथे होता.

"आप्पासाहेब, मी अभय. जहाजावर कॉफीला होतो."

आप्पासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग इथे कसा? बुडालं का जहाज?"

"जरा बोलायचं होतं. बसू?"

"ती खुर्ची गिऱ्हाइकाची आहे."

अभय उभाच राहिला. "कॉफी आणलीय घरून. दाणे आणून सकाळी दळले."

"मी मागवली होती?"

थर्मास गादीच्या कडेला ठेवला गेला आणि तिथेच राहिला. पाऊण तास अभयकडे कोणी पाहिलं नाही. त्या पाऊण तासात त्याने जे पाहिलं ते असं.

दौंडचा एक गुऱ्हाळवाला गुळाच्या ढेपा घेऊन आला. आप्पासाहेबांनी तुकडा तोडला, जिभेवर ठेवला, बाजूला थुंकला. हा गूळ म्हणायचा की वीट. ही गुरांनी तरी खाल्ली असती का. तुझ्या वडिलांनी असा माल दाखवायची हिंमत केली नसती. दहा मिनिटं तोंडाचा पट्टा चालू होता, आणि मग म्हणाले, "उतरव." माणूस खुशीत उतरवायला लागला.

त्याच्यामागे दुसरा आला. आप्पासाहेबांनी त्याचाही तुकडा चाखला आणि चक्क हसले. "छान माल आहे. फार छान." तो माणूस पोतं पुन्हा बांधायला बसला.

गाळ्यावरचा जुना माणूस महिपती, साठीचा, अभयच्या शेजारी तंबाखू मळत उभा होता. तो हळूच म्हणाला, "मालक छान म्हणले की समजायचं, घेत न्हाईत. शिव्या दिल्या की माल घेतला."

"आणि माणसांचं?"

"त्येंचंबी तसंच हाय."

प्रश्न ३. चव कशी वाटली?

इथे खरं सांगायला हवं. कॉफी वाईटच होती.

अकराव्या मजल्यावरच्या मशीनमध्ये दाणे नसतात. आत एक खोकं, खोक्यात पिशवी, पिशवीत काळा घट्ट पाक. बटण दाबलं की पाकाची धार आणि गरम पाण्याची धार एकदम कपात पडतात. पाणी समुद्राचं, जहाजावरच गोडं केलेलं, त्याला काही म्हणजे काही चव नसते. दूध पावडरचं. दोन हजार माणसं रोज सकाळी ते पितात आणि समोर निळा समुद्र असतो म्हणून त्यांना ते चालतं. पाचव्या मजल्यावर एक देखणं कॉफीचं दुकान आहे, तिथे दाणे दळताना दिसतात, वास येतो, विकत घ्यावी लागते. गर्दी झाली की मागच्या बाजूने तिथेही तीच पिशवी लावतात. हे कामावरच्या सगळ्यांना माहीत असतं. बोलायचं नसतं, हेही.

अभयने चार महिन्यांत मराठीचा शब्द ऐकला नव्हता. सहलीच्या दुसऱ्या सकाळी त्याच्या मशीनसमोर एक म्हातारा कपात बघून बायकोला म्हणाला, "गोदा, हे धुणं धुतलेलं पाणी बघ." तिसऱ्या सकाळी: "आज साबण जरा जास्त झालाय." चौथ्या सकाळी म्हातारा पुन्हा रांगेत होता, आणि अभयच्या तोंडून निघून गेलं. अगदी हळू, मान खाली घालून: "काका, ही घेऊ नका. कॉफी नाही ही, पिशवीतला पाक आहे. खाली विकत मिळते तीसुद्धा गर्दीत हीच असते. चहा घ्या."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, "कुठला रे तू?"

प्रश्न ५. विशेष उल्लेख करावा असा कोणी कर्मचारी?

"आता बोल," आप्पासाहेब म्हणाले.

अभयने सांगितलं. कंत्राट, यादी, पाच वाजता. मग म्हणाला, "तुम्ही कॉफीला नावं ठेवलीत, ठेवा. माझं नाव कशाला घातलंत?"

"गजभिये म्हणजे नागपूरकडचे ना तुम्ही?"

"जन्म पुण्यातलाच. त्याचा काय संबंध?"

"नाही, पुण्यातला माणूस कागद वाचल्याशिवाय भांडायला येत नाही." आप्पासाहेबांनी फोन काढला. हातातून गेलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवायची हा या गाळ्याचा जुना शिरस्ता. पूर्वी कार्बन होता, आता फोटो. बोटाने मागे सरकवत सरकवत ते जहाजावरच्या कार्डापर्यंत आले. "वाच. मोठ्याने नको."

पाचव्या रकान्यात नऊ ओळी होत्या. बारीक, सरळ, मराठीत.

*तुमची कॉफी कशी आहे हे मी सांगण्याची गरज नाही. तुमच्याच माणसाने मला ती घेऊ नका असे सांगितले. पिशवीतला पाक आहे म्हणाला. खाली विकत देता तीही गर्दीत त्याच पिशवीतली, हेही त्यानेच सांगितले. पन्नास वर्षे व्यापार केला. स्वतःच्या मालातला दोष गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगणारा माणूस एकच पाहिला. त्याचे नाव अभय. पुण्याचा आहे. त्याला सांभाळा.*

अभयने ते दोनदा वाचलं. सात महिने तो समजत होता की कॉफीवर राग होता आणि तो आपल्यावर निघाला. तक्रार कधी नव्हतीच.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"स्तुती आहे ती. आयुष्यात कोणाची केलेली नाही."

"हीच वाचून त्यांनी मला घरी बसवलं."

"मग तुझी कंपनी चोर आहे."

"ते मला माहीत होतं. म्हणून कानात सांगितलं होतं. कानात, आप्पासाहेब."

आप्पासाहेबांनी फोन उपडा ठेवला. "काय लिहून हवंय?"

"मी तुम्हाला असं काही बोललो नव्हतो."

"म्हणजे खोटं."

"हो."

"दरेकरांच्या कागदावर खोटं उमटत नाही. तू खरं बोललास, मी खरं लिहिलं. तुला आता त्याची लाज वाटत असेल तर तो तुझा प्रश्न. निघा."

प्रश्न ६. सुधारणेसाठी सूचना?

तो निघालाही असता. पण तेवढ्यात बिबवेवाडीचे सुदर्शन आले, चिक्कीचा कारखाना असलेले, आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. आप्पासाहेबांचा आवाज बदलला. "महिपती, दाखव रे यांना."

महिपतीने मागच्या थप्पीवरची सगळ्यात वरची ढेप आणून फोडली. पिवळीधमक, कोरडी. सुदर्शन तुकडा चावून नावं ठेवू लागले: रंग जरा जास्तच पिवळा, चिकटपणा नाही, मागच्या वेळचा बरा होता. म्हणजे घेणार होते.

पाऊण तास उभं राहिलेल्या माणसाला सगळं दिसलेलं असतं. थप्पीच्या खालच्या ढेपांचं फडकं ओलं झालं होतं आणि फरशीवर काळपट ओघळ आला होता.

"महिपतीकाका," अभय म्हणाला, "खालचा थर कसा आहे?"

महिपतीचा तंबाखूचा हात थांबला. त्याने मालकाकडे पाहिलं.

"सांगा की. मालातला दोष सांगणारा माणूस आप्पासाहेबांनी पन्नास वर्षांत एकच पाहिलाय म्हणे. दुसरा त्यांच्या गाळ्यातच असेल, त्यांनी विचारलं नसेल."

"अभय," आप्पासाहेब म्हणाले. फक्त तेवढंच.

"सांगा, काका. कसा आहे?"

महिपती फरशीकडे बघत म्हणाला, "चांगला हाय."

सुदर्शन खुर्चीतून उठले. थप्पीपाशी गेले, वाकले, खालच्या ढेपेत अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्यांनी तो फडक्याला पुसला, आप्पासाहेबांकडे वळले आणि अतिशय गोड हसले.

"छान माल आहे, आप्पासाहेब. फार छान."

आणि गेले.

बाहेर हमाल हातगाडी मागे घेत ओरडत होता.

"चांगला काय रे?" आप्पासाहेब शेवटी महिपतीला म्हणाले.

"मग काय सांगाया पायजे व्हतं?" महिपतीने विचारलं, आणि विचारून झाल्यावर स्वतःच घाबरला.

"खरं सांगितलं असतं त्यांनी," अभय म्हणाला, "तर उद्या कामावर ठेवलं असतंत?"

प्रश्न ७. एकंदर मत.

आप्पासाहेबांनी खणातून छापील नावाचा कागद काढला आणि लिहायला लागले. पेन टेकवून थांबत होते, पुन्हा लिहीत होते. सात मिनिटं लागली.

*कॉफी उत्तम होती. गरम होती. सेवा उत्तम. सदर कर्मचाऱ्याने मला कॉफीविषयी काहीही सांगितलेले नाही. पूर्वीचा शेरा माझ्या वयोमानामुळे गैरसमजातून लिहिला गेला.*

सही केली. शिक्का मारला. कागद अभयकडे सरकवला. फोटो काढला नाही.

अभयने काढला आणि तिथेच उभ्याने अंधेरीला पाठवला. बाईंचं उत्तर दोन मिनिटांत आलं. परफेक्ट, चौदाला जॉइनिंग, तेच जहाज, मेडिकल करून घे.

"आभारी आहे," तो म्हणाला.

"आभार कसले. घेऊन जा."

मग आप्पासाहेबांनी थर्मास जवळ ओढला. झाकण उघडलं, त्यात कॉफी ओतली, वास घेतला. अभय थांबला. सकाळी सहाला उठून त्याने ती केली होती, दाणे हाताने दळले होते, दूध दोनदा आटवलं होतं, आणि बायको आम्रपाली म्हणाली होती की अशी तू मला कधी दिली नाहीस. आता त्याला एकच ऐकायचं होतं. साखर जास्त आहे. जळकट आहे. हे धुणं कोणी धुतलं. काहीही.

आप्पासाहेबांनी घोट घेतला. झाकण खाली ठेवलं.

"छान आहे," ते म्हणाले. "फार छान."

अभयने उरलेली कॉफी दारातल्या गटारात ओतली आणि झाकण लावायला लागला. त्याच्यामागे महिपती ओली ढेप उचलून थप्पीच्या मध्ये कुठेतरी बसवत होता.

प्रश्न ४. आपण पुन्हा आमच्याबरोबर प्रवास कराल का?

या रकान्यात आप्पासाहेबांनी तेव्हाच 'होय'वर खूण केली होती. फोटोत अभयने ती पाहिली होती, नऊ ओळींच्या वर, ठळक.

पायरी उतरताना त्याने विचारलं, "येणार आहात का पुन्हा?"

"डिसेंबरात. तेच जहाज. परतीच्याच दिवशी नोंदवलं होतं." आप्पासाहेब गुळाचा कण दातातून काढत होते. "तू असशील तिथे."

"असेन."

"मी रांगेत येईन. तुला विचारीन, कॉफी कशी आहे."

उन्हात उभ्या अभयने थर्मास या हातातून त्या हातात घेतला. पत्र खिशात होतं. घामाने शाई फुटू नये म्हणून त्याने ते बाहेर काढलं आणि हातात धरलं.

"चांगली आहे, म्हणेन."

"म्हण," आप्पासाहेब म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्ची दाखवली.