टोकं जुळेनात

मी एक चिमटा. लांब, बारीक, पुढे किंचित वाकलेला. परळच्या एका इस्पितळात पत्र्याच्या ट्रेमध्ये पडून असतो. रोज उकळून निघायचं आणि पुन्हा पडायचं, याला आयुष्य म्हणत असाल तर म्हणा. मला आता शीण आलाय.

भायखळ्याच्या एका कारखान्यात मला घडवलं, ते घशात अडकलेले माशाचे काटे काढायला. गिरणगावात काट्यांना तोटा नाही. माणसं जेवता जेवता भांडतात आणि मग माझ्याकडे येतात.

छप्पन सालच्या जानेवारीत मात्र वेगळंच काम आलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती, गोळीबार झाला होता, वॉर्डात जमिनीवरही गाद्या होत्या. बुधाजी नावाच्या गिरणी कामगाराच्या मांडीतली गोळी निघाली, पण रक्त फार गेलं होतं. त्याच्या कोपराच्या शिरेत सुई, सुईतून आत सरकवलेली प्लास्टिकची बारीक नळी आणि तिच्यातून सलाइन. अशा नळ्या मोजक्याच, म्हणून उकळून पुन्हा पुन्हा वापरायच्या.

काढताना सुई आणि नळी एकत्र ओढायची असते. कमलाबाई सिस्टर दोन दिवस घरी गेल्या नव्हत्या. त्यांनी सुई तशीच ठेवून नुसती नळी ओढली. सुईच्या धारेनं ती कापली गेली आणि चार बोटं लांब तुकडा आतच राहिला. तो वर सरकला तर थेट हृदयात जाणार.

चूक झाली की माणसं आधी हात मागे घेतात. या बाईंनी बुधाजीच्या दंडावर अंगठा गच्च दाबला आणि म्हणाल्या, "बुधाजी, चूक माझी आहे. हात हलवू नका."

"तुमी अंगठा धरा, बाय. मी हलत नाय."

डॉक्टर कमलाकांत आले. असली नळी एक्स-रेत दिसत नाही, आणि दंड उभा चिरावा तर आणखी रक्त जाणार. त्यांनी कोपरापाशी तांदळाएवढी चीर दिली आणि मला शिरेत सोडलं. वर बाईंचा अंगठा, आत आंधळा मी. दोनदा नळी निसटली, तिसऱ्यांदा धरली. स्वतःचा अभिमान मला तेवढा एकदाच वाटला.

साठ साली राज्य झालं, तेव्हा बुधाजी पेढे घेऊन आपल्या पायांनी आला होता.

कमलाबाई मात्र प्रत्येक नव्या सिस्टरला मला हातात धरून ती चूक सांगायच्या, "माझ्या हातून झाली" म्हणून. तेच तेच ऐकून मी विटलो होतो. गेल्या महिन्यात त्या निवृत्त होऊन शीवला लेकीकडे गेल्या. आता कुणी सांगत नाही.

आत्ता समोरच्या खाटेवर नवी सिस्टर नळी काढतेय. नळी चिमटीत धरलीय, सुईला अजून हात लावलेला नाही.

बाई गं, दोन्ही एकत्र ओढ. माझी टोकं आता जुळत नाहीत.