तो ओलावा घामाचा नव्हता

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो. बर्फावरच्या फिगर स्केटिंगचा, डाव्या पायाचा. माझा उजवा भाऊ याच फळीवर माझ्याशेजारी असतो, पण तो बोलका नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवशी जे घडलं त्याचा धक्का त्याला अजून पचलेला नाही. मलाही कुठे पचलाय म्हणा!

माझा जन्म कारखान्यात झाला. कातड्याचे थरावर थर चिकटवून माझ्या बाजू इतक्या कडक केल्या की कारागिराने बोटाने टकटक केली तर लाकडासारखा आवाज आला. "हवेत दोन-दोन गिरक्या घेऊन दणकन उतरणाऱ्याला असाच आधार लागतो," तो म्हणाला. मग माझ्या तळाला पोलादी पातं बसवलं. तेव्हापासून माझी मान जी ताठ झाली ती झालीच.

मला विकत घेतलं एका शिंप्याने, आपल्या भाचीसाठी. नऊ वर्षांची, स्केटिंग शिकणारी पोर, मामाकडेच वाढत होती. घरात जागच्या जागी गिरक्या घ्यायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. मामा तिचे फ्रॉक स्वतः शिवायचा आणि प्रत्येक फ्रॉकला आत चार बोटं कापड दुमडून ठेवायचा. पोर वाढली की उसवायचं आणि फ्रॉक मोठा करायचा. बूट घेतानाही त्याने हाच हिशेब लावला. भिंगरीला अचानक खूश करायचं होतं, म्हणून तिला बरोबर नेलं नाही. तिच्या शाळेच्या बुटाचा नंबर पाहिला, त्यात दोन मिळवले, "वाढतं अंग आहे" म्हणाला आणि दुकानातला सगळ्यात भारी दिसणारा जोड उचलला. विकणाऱ्याने चकार शब्द काढला नाही.

आम्हाला पाहून भिंगरीने मामाच्या गळ्यात उडी मारली. त्या रात्री आम्ही तिच्या उशाशी होतो. त्या वेळी माझ्याइतका सुखी बूट जगात नसेल!

पण बर्फावर मात्र सगळं उलटंच होऊ लागलं. जुन्या बुटांत भुर्रकन फिरणारी भिंगरी आमच्यात धडपडू लागली. तिचे स्केटिंगचे सर कठड्यापलीकडून ओरडायचे, "गुडघा वाकव! किती वेळा सांगायचं? नाटकं नकोत!" मलाही तिचा राग यायचा. एवढा उत्तम बूट मिळाला आणि हिला साधी उडी जमू नये? शिवाय मी आतून सारखा ओलसर असायचो. पोरीला घाम फार येतो असं मी समजत होतो. मी नाकसुद्धा मुरडायचो.

स्केटिंगच्या दोन परीक्षांत ती नापास झाली. तिसरी शनिवारी होती. या वेळी जमलं नाही तर सकाळच्या तुकडीतून तिचं नाव कमी होणार, असं सरांनी मामाला स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून बुधवारी मामा पात्यांना धार लावायला आम्हाला बूटवाल्या काकूंकडे घेऊन आला. भिंगरी मागे मागे, पाय ओढत.

काकू तीस वर्षं खेळाडूंच्या पायांना बूट बसवत होत्या. त्यांनी मला हातात घेतलं, दाबून पाहिलं आणि भिंगरीकडे पाहिलं.

"धार राहू दे. आधी हिला हे घालून उभं करा. हं, आता गुडघा वाकव बाळ."

भिंगरीने सगळा जोर लावला. मी तसूभर हललो नाही. मला वाटलं, काकू आता माझं कौतुक करणार.

"कशी वाकवणार ती?" काकू म्हणाल्या. "हा बूट मोठ्या माणसाच्या वजनालाच वाकतो. मी हाताने दाबला तर मलाही दाद देत नाही!"

मी चक्रावलो. काकूंनी नाड्या सोडल्या, माझ्यातली गादी बाहेर काढली आणि तिच्यावर पाय ठेवायला सांगितलं. बोटांपुढे गादी केवढी तरी उरली. मग त्यांनी माझ्या टोकात हात घातला. आतून चोळामोळा केलेला रुमाल निघाला. पायात लोकरीचे दोन-दोन मोजे निघाले. आणि आतला मोजा सुटेना. टाचेला चिकटला होता.

काकूंनी कोमट पाण्याचा बोळा लावून तो हळूच सोडवला. टाच सोललेली होती. घोट्यावर जुन्या जखमेवर नवी जखम होती. मोजा लालसर काळा पडला होता.

मित्रांनो, तो ओलावा घामाचा नव्हता!

मी इतके दिवस तिच्याच रक्ताला नाक मुरडत होतो. मला ओरडायचं होतं, पण बुटाला कुठला आवाज? मामा तिच्या पायाशी खाली बसला.

"भिंगरे, अगं... बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं आणलेस," ती खाली मान घालून म्हणाली. "तुला वाईट वाटलं असतं."

काकूंनी बोळा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "दादा, गिऱ्हाइकाचं माप न घेता तुम्ही कापडाला कात्री लावता का?"

मामाने तो मोजा उचलला.

त्याच दुपारी त्याने आमचा जोड आणि तो मोजा सरांच्या टेबलावर ठेवला. सर पांढरेफटक पडले. "मी रोज हिचे गुडघे बघत होतो," ते म्हणाले, "पाय कधी बघितलेच नाहीत." परीक्षा दीड महिना पुढे गेली. काकूंनी भिंगरीला कागदावर उभं करून दोन्ही पाय आखले, रुंदी घेतली आणि तिच्या वजनाला वाकतील असे मऊ, साधे बूट दिले. भिंगरी पास झाली.

मी मात्र इथं काकूंच्या दुकानात फळीवर आलो. कुणी "वाढत्या पायाचे द्या" म्हणालं की काकू मला त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "वाकवून दाखवा." माझी ताठ मान आता अशी कामी येते.

परवा भिंगरी आली होती, मामाबरोबर. चांगली उंच झाली आहे. गंमत म्हणून तिने माझ्यात पाय घातला. बोटं अगदी टोकाला टेकली! मी श्वास रोखला. काकूंनी विचारलं, "दुखतंय का?"

तिने मामाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही पुन्हा लपवणार.

"हो," ती म्हणाली. "बाजूला रुततोय."

"काढ, काढ लगेच!" मामा म्हणाला आणि खाली बसून स्वतः माझी नाडी सोडू लागला.

मी पुन्हा फळीवर आलो, पण मला जराही वाईट वाटलं नाही. मित्रांनो, बूट घेताना जाणत्या माणसाला पाय दाखवा. आणि दुखलं तर सांगा, बूट कितीही हौसेने आणलेला असला तरी. आम्हाला आतून काही दिसत नाही हो.