सेनीच्या नावाचं पेज

माझी बायको अर्सेनिया, म्हणजे सेनी, वकील होती. आमच्या इलोइलो शहरात वकिलाला सगळे 'अ‍ॅटर्नी' म्हणूनच हाक मारतात, बँकेतला शिपाई आणि वकिलाची सासूसुद्धा. मी एसी आणि फ्रीज दुरुस्त करतो. आमच्या लग्नात लोक म्हणाले होते, अ‍ॅटर्नीचं असं काय बिघडलं होतं की तिने मेकॅनिकच घरी आणला. ती अकरा मार्चला गेली. तिच्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. तिच्या फेसबुक पेजचं काय झालं, तेवढं लिहितो.

पेजचं नाव 'विचारा अ‍ॅटर्नी सेनीला'. दर शनिवारी सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायची आणि मी फोन धरायचो. फ्रीजची घरघर ऐकू येते म्हणून मी तो बंद करायचो. एकदा परत चालू करायला विसरलो आणि आतले सगळे मासे नासले. पुढचा महिनाभर ती प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला मला विचारायची, "मेकॅनिकसाहेब, आठवण राहील ना?" तेही लोकांना ऐकू जायचं.

लोक कमेंटमध्ये प्रश्न टाकायचे. शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवली, भावाने जमीन दाबली, मालक घराबाहेर काढतोय. तिचं उत्तर बहुतेक एकच असायचं. "आधी बारांगायच्या कचेरीत जा. कप्तान दोघांना समोरासमोर बसवेल. तिथे वकील लागत नाही, वकिलाला बसूही देत नाहीत. तिथे मिटलं नाही तर मग बघू." बारांगाय म्हणजे आमच्याकडची वॉर्डासारखी वस्ती, कप्तान तिचा निवडून आलेला प्रमुख. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं भांडण त्या कचेरीत गेल्याशिवाय कोर्ट हातात घेत नाही, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

तिच्या ऑफिसातले वकील हसायचे. "ही बाई गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवते, हा कसला धंदा?" पण ज्यांचं खरोखर कोर्टात जाण्यासारखं काम असायचं, ते बोटीत बसून पलीकडच्या बेटावरूनही तिच्याचकडे यायचे. ज्या बाईने पैसे घ्यायला एकदा नकार दिला, तिच्यावर माणूस विश्वास टाकतो. फॉलोअर ऐंशी हजार झाले, तेव्हा ऑफिसातले हसायचे थांबले.

ती गेली त्या आठवड्यात आमच्या रीतीप्रमाणे शवपेटी घरातच होती, प्रार्थनेला माणसं येत होती. ऑफिसने मनिलाहून एक मुलगी आणली होती, झारिना नावाची, जाहिरातीचं काम बघायला. ती मला म्हणाली, "सर, पेजवर चर्चमधल्या मासची, शेवटच्या प्रार्थनेची, वेळ टाकायला हवी. पेज चालवणाऱ्यांत मला आत घेता का?" पेज माझ्या फोन नंबरवर होतं, कारण सेनीला पासवर्ड कधी लक्षात राहायचा नाही. मी त्या मुलीला आत घेतलं. वेळ तिने नीट टाकली. त्यानंतर तीन महिने मी पेज उघडलं नाही. तिथे सेनीचा आवाज होता.

जूनमध्ये माझ्या दुकानात नांग बासिंग आली; नांग म्हणजे ताई, नोंग म्हणजे दादा. पलीकडच्या बेटावरून अधूनमधून येऊन बाजारात सुके मासे विकते. टोपली खाली ठेवून म्हणाली, "नोंग डेमेट, तुझ्या बायकोला सांग, हे काही बरं केलं नाही."

"काय केलं?"

"शेजाऱ्याच्या गटाराचं तिला लिहिलं. ती म्हणाली, ऑफिसात ये, मी भेटेन. मी गेले. एका पोरगेल्या वकिलाने फी घेतली आणि सांगितलं, आधी बारांगायला जा. हे ती पूर्वी फुकट सांगायची. आणि स्वतः आलीच नाही. मीटिंगमध्ये आहे म्हणाले."

मी हातातला पाना खाली ठेवला. "नांग, सेनी मार्चमध्ये वारली."

तिने टोपलीतून फोन काढला. मग म्हणाली, "मला तिने शुक्रवारी उत्तर दिलंय."

तिने फोन पुढे केला. सेनीचा फोटो, आणि खाली: 'प्रिय नांग, काळजी करू नका, आमच्या ऑफिसात या, मी आहे.' सेनीने जन्मात कुणाला 'प्रिय' म्हटलं नव्हतं. ती गेल्याची, मासच्या वेळेची पोस्ट काढून टाकलेली होती. जुन्या व्हिडिओंमधून बारांगायचं वाक्य कापून त्या जागी ऑफिसचा नंबर घातला होता.

मी कपडेही बदलले नाहीत. तसाच ऑफिसात गेलो.

ऑफिसचे मुख्य अ‍ॅटर्नी सुमागायसाय आमच्या लग्नातले निनोंग. धर्मपित्यासारखं नातं. निनोंगला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. त्यांनी सेनीच्या शवपेटीला खांदाही दिला होता. मी आत गेल्यावर त्यांनी आधी कॉफी मागवली.

"निनोंग, सेनी मीटिंगमध्ये आहे असं तुमच्याकडे सांगतात."

त्यांनी झारिनाकडे बघितलं. ती म्हणाली, "सर, मरणाची पोस्ट वर राहिली तर लोक पुढे विचारतच नाहीत. आणि उत्तर पेज देतं. त्या देतात असं आम्ही कुठे म्हटलंय?"

"'मी आहे' लिहिलंय. कोण आहे?"

तिने निनोंगकडे बघितलं.

निनोंग म्हणाले, "डेमेट, तिचं नाव विसरलं जावं असं तुला वाटतं का? सहा महिन्यांत लोक दुसऱ्या कुणाला विचारायला लागतील. आम्ही ते नाव जिवंत ठेवतोय. तिच्या नावाने शिष्यवृत्ती काढू. तू फक्त पेज आमच्या नावावर करून दे. कागद तयार आहे."

"ती नको म्हणायची ते तुम्ही तिच्या तोंडून वदवताय."

"ती आमच्या ऑफिसची वकील होती."

"शनिवारी नव्हती. शनिवारी ती माझ्या स्वयंपाकघरात होती."

"बाळा, मी तुझा निनोंग आहे."

"म्हणून तुम्हाला आधी सांगायला आलो. नाहीतर थेट लोकांनाच सांगितलं असतं."

कागद मी उलटा ठेवला आणि बाहेर आलो. बाहेर बाकावर पाचसहा माणसं वाट बघत बसली होती. भिंतीवर सेनीचा मोठा फोटो होता, हसरा, माझ्या फोनवर काढलेला. मी त्याखालीच बसलो. आधी पेज चालवणाऱ्यांतून ऑफिसची तिन्ही नावं काढली, झारिनाचं आणि तिने मागून आत घेतलेली दोन. मग लाइव्ह सुरू केलं. माझ्या बोटांना ग्रीस होतं, दोनदा दाबावं लागलं.

निनोंग दारात आले. "डेमेट, तू वकील नाहीस. सल्ला दिलास तर गुन्हा होईल."

"सल्ला देत नाही, निनोंग. बातमी देतो."

मग मी फोनकडे बघून बोललो. "मी अ‍ॅटर्नी सेनीचा नवरा. ती अकरा मार्चला कॅन्सरने गेली. त्यानंतर तिच्या नावाने तुम्हाला जे कुणी लिहिलं, ते तिने लिहिलेलं नाही. ज्यांना ऑफिसात बोलावलं, त्यांना तिने बोलावलेलं नाही. आता इथे कुणी उत्तर देणार नाही. मी फ्रीज दुरुस्त करतो, मला कायदा येत नाही. पेज राहील, तिचे व्हिडिओ मूळचे होते तसे परत लावीन, माझ्या फोनमध्ये सगळे आहेत." पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून बंद केलं.

"तुला नोटीस जाईल," निनोंग म्हणाले. आवाज चढवला नव्हता.

"पाठवा. पत्ता तुम्हाला माहीत आहे."

बाकावरच्या दोन बायका उठून निघून गेल्या. एक म्हातारा मात्र बसून राहिला. मांडीवर जमिनीचे कागद, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. माझ्याकडे वाकून त्याने विचारलं, "मग इथला मोठा वकील बरा आहे की नाही?"

निनोंग ऐकत होते.

"चांगला आहे," मी म्हणालो. "जमिनीच्या कामात तर इथे त्यांच्यासारखा कुणी नाही. तुम्हाला त्यांच्याकडे जायचं असेल तर जा. फक्त ती भेटेल म्हणून जाऊ नका."

म्हाताऱ्याने थोडा विचार केला, पिशवी उचलली आणि आत गेला. निनोंगने त्याच्यासाठी दार धरलं. मी बाकावर चढून भिंतीवरचा फोटो उतरवला. कुणी अडवलं नाही. तो खूप मोठा होता, ट्रायसिकल रिक्षात आडवा मावेना. म्हणून मी तो डोक्यावर धरून चालत घरी नेला.