उकळलेलं पाणी

यंत्रावरचा आकडा शेफालीनं पुन्हा वाचला आणि ऋषीला हाक मारली. तो बेसिनपाशी बाटल्या विसळत होता.

"हे सॅम्पल परत लावू," ती म्हणाली.

परत लावलं. आकडा जवळपास तोच आला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची जी मर्यादा, तिच्या तिप्पट.

दोघं पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. खराडीतल्या सोसायट्यांच्या बोअरचं पाणी तपासायचं आणि ते नकाशावर मांडायचं, एवढाच त्यांचा प्रकल्प. सोसायट्यांनी संमती दिली होती ती एका अटीवर. इमारतीचं नाव कुठे येणार नाही, आणि निकाल प्रकल्पाच्या मार्गदर्शक कल्याणी मॅडमनी तपासल्यावरच, तोही फक्त सोसायटीच्या कमिटीला कळवायचा. म्हणून बाटल्यांवर नुसती अक्षरं होती. पण बाटल्या भरायला शेफालीच गेली होती. हे पाणी कुठल्या इमारतीचं ते तिला विचारावं लागलं नाही.

"तिथे एक बाई भेटली होती, उल्का म्हणून," ती म्हणाली. "कडेवर तान्हं बाळ. बाळाला पावडरचं दूध देते म्हणाली. बोअरच्याच पाण्यात, पण उकळून."

"मग उकळते ना."

"नायट्रेट उकळून जातं का, ऋषी?"

तो बाटली हातात धरून थांबला. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट वाढतंच. आणि लहान बाळाच्या पोटात ते जास्त गेलं तर रक्ताला प्राणवायू नेता येत नाही. बाळ निळं पडतं. यावर दोघांनी परीक्षेत टीप लिहिली होती, आणि चांगले मार्क मिळवले होते.

मॅडमचा फोन लागेना. पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन त्या कोयनेच्या बाजूला गेल्या होत्या. तिथे रेंज नव्हती.

"थांबू या," ऋषी म्हणाला. "आपलंच काही चुकलं असेल तर? एका बाटलीवरून लोकांना घाबरवायचं?"

"आणि चुकलं नसेल तर?"

"मग मॅडम ठरवतील. आपण सह्या केल्यात, शेफाली."

त्याचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच तिला तिथे बसवेना. रिकामी बाटली पिशवीत टाकून ती निघाली. खराडीच्या बसमध्ये ती मनात वाक्यं जुळवत राहिली. प्रत्येक वाक्य एक तर खोटं वाटत होतं, नाही तर भयंकर.

फाटकापाशी सेक्रेटरी भेटले. अनंतराव बँकेतून निवृत्त झालेले. पेठेतलं घर सोडून मुलाकडे राहायला आलेले.

"परत आलात? आधीचं पाणी पुरलं नाही वाटतं."

"काका, एक सॅम्पल उल्काताईंच्या घरातलं हवंय."

"त्यांच्याच का?"

"एक शंका आलीय. खात्री झाल्याशिवाय बोलता येत नाही."

"मग बोलू नका. खात्री झाली की कमिटीला पत्र द्या. तसं ठरलंय, तुमच्याच मॅडमच्या सहीनं." ते बाजूला झाले. "कुणाच्या घरी जायला मी अडवत नाही. लिफ्टचं दार तेवढं नीट लावा."

उल्कानं हसून दार उघडलं. नवरा ऑफिसला गेला होता. बाळ खांद्यावर होतं, आणि ओट्यावर दुधाची बाटली अर्धी तयार होती. शेफालीनं नळाखाली सॅम्पल भरलं, झाकण लावलं. काम संपलं होतं. ठरल्याप्रमाणे आता निघायचं. उल्कानं पातेल्यातलं कोमट पाणी बाटलीत ओतलं आणि पावडरचा डबा उघडला.

"ताई, ते देऊ नका."

"काय?"

"ते पाणी. बाळाला नका देऊ."

"उकळलंय मी. चांगलं खळखळून."

"उकळून जात नाही ते." मग शेफालीला थांबता आलं नाही. नायट्रेट, मर्यादा, एकच बाटली तपासलीय, चूकही असू शकेल, हे सगळं तिनं सांगितलं. चूक असू शकेल हे तिनं दोनदा सांगितलं. उल्कानं ते ऐकलं असावं असं वाटलं नाही.

"जन्मल्यापासून हेच देतेय मी," ती म्हणाली. "चांगलं म्हणून जास्त वेळ उकळायचे."

ती बाळाला घेऊन खिडकीपाशी गेली. दोघींनी त्याची नखं पाहिली, ओठ पाहिले. नखं गुलाबी होती. मग उल्काला ती तशी वाटेनात. "निळी आहेत का गं? नीट बघ ना." शेफालीनं नीट पाहिलं आणि तिलाही कळेनासं झालं.

रिक्षा करून दोघी बाळाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी छाती तपासली, शेफालीला चार प्रश्न विचारले आणि रक्त लॅबला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत दोघी बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. बाळ झोपलं होतं. ते जरा जास्तच झोपतंय, असं उल्काला वाटलं. तिनं त्याला उठवलं, ते रडलं, आणि रडण्यानं तिला जरा बरं वाटलं.

रिपोर्टमध्ये रक्तातला प्राणवायू न नेणारा अंश थोडा वाढलेला निघाला. औषधाची गरज नव्हती. पाणी आजपासून बदला आणि आठवड्यानं परत दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. उल्कानं नवऱ्याला फोन लावला आणि तिला बोलताच येईना. शेवटी शेफालीनंच फोन घेतला.

मॅडम परत आल्या तोवर सोसायटीचं पत्र कॉलेजात पोचलं होतं. अट मोडली, संमती मागे घेत आहोत.

"अजून कुणाला सांगितलंस?" मॅडमनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"माझी वाट का पाहिली नाहीस?"

"ती दूध कालवत होती, मॅडम."

मॅडमनी पत्र घडी करून फाईलमध्ये ठेवलं. उल्काच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं सॅम्पल त्यांनी स्वतः तपासलं होतं. त्यात नायट्रेट मर्यादेच्या वर होतं, पण तिप्पट नव्हतं. त्या दिवशी टाकीत टँकरचं पाणी मिसळलं होतं. म्हणजे बाळाच्या पोटात रोज नेमकं किती गेलं, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"गेलीस ते बरं केलंस असं मी लिहून देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्यांची संमती नसेल तर ही दोन्ही सॅम्पल आपल्याला वापरता येणार नाहीत."

उल्कानं स्वतः महापालिकेत अर्ज केला. तिकडची माणसं आली, बोअरजवळ ड्रेनेजची लाईन फुटलेली सापडली आणि बोअरचं पाणी प्यायला बंद झालं. ती लाईन कधीपासून फुटली होती, हे कुणालाच सांगता आलं नाही. बाळाचा दुसरा रिपोर्ट चांगला आला. तो उल्कानं शेफालीला पाठवला. शेफालीनं तो उघडून वाचला. तरी कितीतरी दिवस कुणाच्याही कडेवर तान्हं बाळ दिसलं की तिची नजर आधी नखांवर जायची.

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नकाशासमोर उभे राहिले. खराडीच्या मधोमध त्यांनी बोट ठेवलं.

"आजूबाजूला सगळीकडे ठिपके आहेत. इथेच का नाही?"

ऋषीनं मान खाली घातली. मॅडम कागद चाळत राहिल्या.

"तिथलं पाणी घेतलं होतं, सर," शेफाली म्हणाली. "संमती मागे घेतली गेली."

"कारण?"

"ते मी सांगू शकत नाही."

परीक्षकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं, आणि पुढचा प्रश्न ऋषीला विचारला.