कळवायचं कोणाला

फ्रान्सिसटाउनच्या गाओलातेला त्याच्या बायकोने, केनेइल्वेने, एकदा भांडी घासता घासता सांगितलं होतं, "तुझ्यासोबत दिवस सरत नाही रे." रागाने म्हणाली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं. पण आज ढग आहेत म्हणावं, तसं ती म्हणाली. म्हणून लग्नाच्या नवव्या वाढदिवसाला त्याने तिला सरहद्दीपार, झांबियात लिव्हिंगस्टनला आणलं आणि एकाच दिवसात चार थरारक कार्यक्रम ठरवून टाकले. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत. सरत नाही म्हणजे काय!

गाइड म्वेम्बा जाडा, शांत, बोलताना कोणाकडेच न बघणारा. पहिला कार्यक्रम नदीच्या खळाळात होडीचा होता; त्याने भेटल्या भेटल्या दोन फॉर्म पुढे केले. तुम्ही मेलात तर आमची जबाबदारी नाही, हे त्यात अकरा प्रकारे लिहिलं होतं. तळाला एक रकाना होता: काही झाल्यास कोणाला कळवायचं.

गाओलातेने बायकोचं नाव लिहिलं.

"नाही चालणार, बॉस," म्वेम्बा म्हणाला. "मॅडम त्याच होडीत बसणार. दोघं एकदम गेलात तर फोन कोणाला लावू? नदीला?"

गाओलातेला तोंडपाठ असा एकच नंबर होता, आईचा. त्याने तो लिहिला. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण फॉर्ममध्ये तसं कोणी विचारलं नव्हतं.

केनेइल्वेने 'मोआगी' असं नाव लिहिलं. नंबर फोनमध्ये न बघता, एका दमात. नातं: मित्र.

"मोआगी कोण?" त्याने होडीत बसताना विचारलं.

"गुरांचा डॉक्टर."

"आपली गुरं तर कधीच विकली."

"म्हणून तर त्याला वेळ मिळतो."

त्याने पुढचं विचारायच्या आत होडी उलटली.

दुसऱ्या कार्यक्रमात तारेला लटकून दरी ओलांडायची होती. पुन्हा फॉर्म, पुन्हा मोआगी. केनेइल्वे पलीकडे पोचली. गाओलाते मागून लटकत येताना ओरडला, "कधीपासून?" दरीने नीट ऐकून घेतलं आणि "पासून, पासून" असं परत पाठवलं.

जेवायला न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि तळलेला मासा होता. केनेइल्वे हात धुवायला गेली, तेव्हा त्याने म्वेम्बाला हळूच विचारलं, "लोक या रकान्यात खरं लिहितात?"

"बॉस, खोटं लिहायला बँक आहे. इथे खरंच लिहितात. एकाने कुत्र्याचं नाव लिहिलं होतं."

"मग?"

"मग काय? चांगलं सांभाळलेलं कुत्रं होतं म्हणे."

केनेइल्वे परत आली आणि माशाचा काटा काढत म्हणाली, "मोआगीची मौन गावी बदली झालीय. मीही जातेय. आज सांगणार नव्हते, तू एवढं सगळं ठरवलंयस."

"आजच जातेस?"

"आज कशी जाऊ? अजून दोन राहिलेत ना तुझे."

तिसरा कार्यक्रम धुळीत गाड्या पळवण्याचा होता. तिथे रडलेलं कळत नाही, एवढी एक सोय होती.

चौथी आणि शेवटची पुलावरून दरीत उडी, दोघांना एकाच दोरीला बांधून. इथला नियम कडक होता. ऑफिसातली बाई प्रत्येक नंबर लावून बघायची.

"हा बंद आहे, बॉस," म्वेम्बा म्हणाला. "दुसरा कोणी सांगा."

गाओलातेने आठवून पाहिलं. भाऊ खाणीत होता, चार वर्षं बोलत नव्हता. शेजाऱ्याचं तर आडनावही माहीत नव्हतं. इतकी वर्षं जे काही व्हायचं, ते तो केनेइल्वेलाच कळवत आला होता.

"मोआगीचा नंबर सांग," तो म्हणाला.

"वेड लागलंय का तुला?"

"तुझ्यासाठी त्याला फोन जाणारच. त्यातच माझंही सांगतील."

तिने नंबर सांगितला. दोनदा सांगावा लागला, त्याचा मधला एक आकडा चुकत होता.

"त्याला आधी विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"स्वभावाने चांगला आहे ना?"

"आहे."

"मग येईल."

"नात्याचा रकाना रिकामा सोडायचा नाही, बॉस."

गाओलातेने जरा विचार केला आणि लिहिलं: बायकोकडून.

म्वेम्बाने वाचलं, शिक्का मारला. मग दोघांना समोरासमोर एका पट्ट्यात आवळलं, बकल दोनदा ओढून पाहिलं आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून फॉर्म दगडाखाली ठेवले.