दोन पातेल्यांवरचा चेंजर

मित्रांनो, दोन उलट्या पातेल्यांवर पोट उघडं टाकून बसलेला जुना रेकॉर्ड चेंजर तुम्ही पाहिला नसेल. तो मी. सहा तबकड्या एकदम अंगावर घ्यायच्या आणि एक संपली की पुढची आपली आपण खाली सोडायची, हे माझं काम. माझा जन्म झाला तेव्हा कारखान्याचा भोंगासुद्धा सुरात वाजला होता. खोटं वाटत असेल तर भोंग्याला विचारा.

तीस वर्षं मी काका-काकूंच्या या घरात एका लाकडी पेटीत राहिलो. पाहुणे आले की काका झाकण उघडून असे बाजूला होत, जणू आत वाघ आहे. एकदा मी इतक्या झपाट्याने फिरलो, की तबकडी उडून तीन गल्ल्या पलीकडे गेली आणि उरलेलं कडवं तिकडे म्हणून परत आली. पण गेल्या वर्षी मी घसरू लागलो. गायिकेचा आवाज तिच्या आजोबांसारखा येऊ लागला. पेटीवर वर्तमानपत्रं साचली.

शेवटी काकूंनी जाहीर केलं, "चार वाजता सुतार येतोय. पेटीत फळ्या बसवून कपबश्यांचं कपाट करायचं. आणि हा भंगारात."

"आजचा दिवस दे. मी बघतो," काका म्हणाले. त्यांची सगळी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली.

"वर्षभर काय करत होतात?"

"तुझं ऐकत होतो."

काकांनी मला पेटीबाहेर काढून पातेल्यांवर ठेवलं. हाताने तबकडीखालची थाळी फिरवत ते एकेक दांडी कुठे अडते ते पाहू लागले. लाखेसारखं घट्ट झालेलं ग्रीस खरवडून काढलं. तरी घसरणं तसंच. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. समोर माझं रिकामं घर, आणि अर्धा तास आधीच आलेला सुतार त्यात टेप धरून बसलेला.

"काका, यंत्र बसायची आतली चौकट कापू?"

"थांब जरा."

"मी थांबलोय. करवत थांबत नाही."

मोटारीचा फेर थाळीपर्यंत पोचवणाऱ्या रबरी चाकावर काकांनी बोट फिरवलं. बोट तेलकट निघालं. त्यांनी वास घेतला. "शिलाई मशीनचं तेल. रबरावर? कुणी घातलं?"

काकू एकच बशी पुसत राहिल्या.

"कुरकुरत होता तो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बरं वाटेल त्याला. दुसऱ्या दिवसापासून घसरायलाच लागला. तुम्हाला सांगायचा धीर होईना. त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून सुतार."

काकांनी एक फडकं स्पिरिटमध्ये भिजवलं. मग ते काकूंपुढे केलं. "ती बशी ठेव. तू घातलंस, तूच पूस."

काकूंनी चाक असं पुसलं, जसं तापातल्या लेकराचं कपाळ. मग सहा तबकड्या चढवल्या. पहिली खाली पडली, टप्. गायिकेला स्वतःचा आवाज परत मिळाला. काकू सुताराच्या हत्यारपेटीवरच बसल्या. तेवढ्यात मागे खर्र झालं. या गडबडीत सुताराने माझी चौकट कापली होती.

त्याच लाकडाचे त्याने मला चार पाय करून दिले. आता पेटीत कपबश्या राहतात आणि मी बाहेर, उघडाच. खर्जातला सूर लागला की त्या किणकिणतात. बेसूर आहेत, पण शेजार आहे. मात्र कुणी तेलाची बाटली घेऊन जवळून गेलं, की माझी प्रत्येक स्प्रिंग अजून ताठ होते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आमची काळजी जरूर घ्या, पण तेल ओतण्याआधी जाणत्याला विचारा. आणि हातून चूक झालीच, तर सुतार बोलावण्याआधी ती घरात सांगून टाका.